धूर कुणाच्या दारात सोडला जातो?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची बुद्धवंदना झाली आणि नेहमीप्रमाणे तरुण मुले-मुली बैठकीला थांबली. वर्षभरात कोणत्या प्रश्नांवर काम करायचे, याची यादी चालली होती. शिष्यवृत्ती, जात पडताळणी, कंत्राटी भरती, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस. मी म्हणाले, "यात हवेचं प्रदूषण पण लिहा." क्षणभर कुणीच काही बोलले नाही. मग कायद्याचे शिक्षण घेणारा आमचा एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हा आपला विषय नाही. हवा-पर्यावरण हे एसी गाडीत फिरणाऱ्यांचं. आपल्या माणसांवर रोज हल्ले होतात आणि आपण धुरावर बोलायचं?"

त्याचा राग खोटा नव्हता. पर्यावरणावर बोलणाऱ्यांच्या व्यासपीठावर आपला माणूस क्वचितच दिसतो. झाडे वाचवा म्हणणाऱ्यांना झोपडी तोडली जाते तेव्हा तोंड उघडावेसे वाटत नाही. हे सगळे मलाही माहीत आहे. त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख ते उत्तर आहे.

आम्ही गोवंडीचे. आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईत आले. गावात घर गावकुसाबाहेर होते. शहरात जात विचारणार नाहीत, या आशेने ते आले. बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे कधीच गायले नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेडे हा राज्यघटनेचा पाया मानायला ठाम नकार दिला. आजोबांना हे भाषण ठाऊक नव्हते, पण त्यांचे पाय त्याच दिशेने निघाले होते. शहराने त्यांना जागा दिली ती देवनारच्या डम्पिंगच्या कडेला. गावात वस्ती गावाच्या बाहेर होती, इथे ती शहराच्या कचऱ्याला लागून झाली.

मुंबईचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली ते साल १९२७. तेच साल, ज्या साली २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले. हा योगायोग आहे, यात कुणाचा कट होता असे मी म्हणत नाही. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीकडे माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते म्हणून ते शुद्ध केले जाते. दुसरीकडे अख्ख्या शहराची घाण एका कोपऱ्यात नेऊन ओतली जाते. पुढे त्याच कोपऱ्यात शहराने नको असलेली माणसेही आणली. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी पाडून तिथल्या हजारो कुटुंबांना चित्ता कॅम्पला हलवले. कत्तलखानाही वांद्र्याहून देवनारला आला. आज या पट्ट्यात मुस्लिम आणि दलित कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांमध्ये आमचा एम-पूर्व विभाग तळाला होता.

समाजशास्त्रात एम.ए. करताना लुई द्युमाँचे जातीवरचे पुस्तक अभ्यासाला होते. त्यात 'पोल्युशन' हा शब्द पानोपानी येतो. मी गोवंडीची मुलगी. मला वाटले धुराबद्दल लिहिले आहे. तो शब्द विटाळासाठी होता. इंग्रजीत विटाळ आणि प्रदूषण या दोन्हींना एकच शब्द आहे. वर्गात सगळे हसले, मीही हसले. पण घरी जाताना रेल्वेत तो शब्द डोक्यातून जाईना. ज्यांना हजारो वर्षे विटाळ म्हटले, त्यांच्याच दारात आज खरे प्रदूषण येऊन का पडते?

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात सांगितले आहे की विटाळाची कल्पना हे जातीचे मूळ नव्हे. मूळ आहे ते जातीतल्या जातीत लग्न लावून माणसांना कप्प्यांत बंद करण्यात. म्हणजे विटाळ हे वर दिसणारे लक्षण, कारण खाली रचनेत. प्रदूषणालाही हीच कसोटी लावून बघू.

प्रदूषणाची कारणे विचारली तर कुणीही सांगेल: वाहने, कारखाने, कोळसा, बांधकामाची धूळ, जळणारा कचरा. हे सगळे खरे आहे. यातून अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण हवेत येतात. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या वीस-तीस पट असते. हे कण नाकातल्या केसांना जुमानत नाहीत. फुप्फुसाच्या तळाशी जातात, तिथून रक्तात. डम्पिंगवर ओला-सुका कचरा एकत्र पडतो, कुजतो, त्यातून मिथेन वायू तयार होतो. तो पेटला की वरून पाणी मारले तरी ढिगाच्या पोटात आग दिवसेंदिवस धुमसत राहते. जानेवारी २०१६ मधल्या देवनारच्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. तेव्हा कुठे तो उरलेल्या मुंबईला दिसला. आमच्या खिडकीतून तो त्याआधी कित्येक वर्षे दिसत होता.

पण ही झाली धुराची कारणे. धूर अमक्याच वस्तीत का, याचे कारण यात नाही. लोक म्हणतात, "हवा सगळ्यांची एकच. वाऱ्याला जात नसते." वाऱ्याला नसते, पण वाऱ्याच्या खालच्या बाजूला कुणाला बसवायचे हे माणसे ठरवतात. हे फक्त आपल्याच देशात घडते असेही नाही.

लंडनचेच घ्या. ५ ते ९ डिसेंबर १९५२ असे पाच दिवस त्या शहरावर कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. थंड हवेवर गरम हवेचे झाकण बसले आणि घराघरातल्या शेगड्यांचा, वीजकेंद्रांचा धूर वर जाईना. सुरुवातीला सुमारे ४,००० मृत्यू धरले गेले. पुढच्या संशोधनात हा आकडा १२,००० पर्यंत गेला. नंतरच्या महिन्यांतही माणसे जास्त मरत होती, तर सरकारने खापर फ्लूवर फोडले. अखेर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. लंडनमध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो. गोद्या, कारखाने आणि कामगारांच्या वस्त्या कुठे होत्या? पूर्वेला.

कायदा झाला, काळा धूर गेला, म्हणून प्रश्न संपला का? त्याच लंडनमध्ये लुइशम भागात, गजबजलेल्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ, एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी राहत होती. तिला भयंकर दमा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. पहिल्या चौकशीत दम्यामुळे श्वसन बंद पडले एवढेच नोंदले गेले. तिची आई रोझामंड थांबली नाही. दमा कशाने बळावला, हे लिहा, एवढेच ती मागत होती. जुना निष्कर्ष उच्च न्यायालयाकडून रद्द करून घेऊन तिने नवी चौकशी लावली, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण लिहिले गेले. ब्रिटनमध्ये असे पहिल्यांदाच घडले.

हे वाचले तेव्हा मला माझी भाची आठवली. ती सहा वर्षांची आहे. दर थंडीत तिची छाती भरते, रात्री उशीला टेकून बसवावे लागते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का?" नाही. "चुलीवर स्वयंपाक?" नाही, गॅस आहे. "मग गाद्यांची धूळ झटकत जा." केसपेपरवर त्यांनी 'दमा' लिहिले. कारण लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. माझी बहीण घरी येऊन गाद्या झटकत बसली, जणू दोष तिच्या घरकामाचा होता.

आपल्या लोकांना नशीब आणि मागच्या जन्माचे कर्म ही दोन कारणे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तथागतांनी शिकवले ते वेगळे: दुःख आहे, आणि त्याला कारण आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते. कारण लिहिले गेले नाही तर ते दूर कोण करणार? म्हणून कारणाची नोंद ही लढाईची पहिली पायरी आहे.

ही पायरी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९७९ मध्ये चढली गेली. एका कृष्णवर्णीय वस्तीत कचराभूमी येणार होती. लोक कोर्टात गेले. त्यांच्या वकील लिंडा मॅकीव्हर बुलार्ड यांनी आपले पती रॉबर्ट बुलार्ड यांना माहिती गोळा करायला सांगितले. ते समाजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन शहरातली एकेक कचराभूमी, कचरा जाळण्याची एकेक भट्टी शोधली आणि ती कुणाच्या वस्तीत आहे ते नोंदले. शहरात कृष्णवर्णीय साधारण २५ टक्के. महापालिकेच्या पाचही कचराभूमी त्यांच्याच वस्त्यांत. आठपैकी सहा भट्ट्या त्यांच्याच वस्त्यांत. खटला ते हरले. पण त्या मोजणीने 'योगायोग' हा शब्द खोटा पाडला, आणि पुढे पर्यावरणीय न्यायाची चळवळ ज्या अभ्यासांवर उभी राहिली त्यात ही मोजणी अग्रभागी होती. माझ्याच विषयाच्या माणसाने हे केले, आणि मी एम.ए. करून शेजारच्या गल्लीतही मोजणी केली नव्हती. याची मला लाज वाटली.

आता खरी अडचण सांगते. मी हे सगळे आईला सांगितले. माझ्या आईने बावीस वर्षे डम्पिंगवर कचरा वेचला. प्लास्टिक, काच, पत्रा वेगळा करून भंगारवाल्याला विकला. तांब्याच्या तारेवरचे प्लास्टिक जाळून तांबे काढले, तो धूर तिने छातीत घेतला. त्या पैशातून माझी फी भरली गेली. ती खोकत ऐकत राहिली आणि म्हणाली, "डम्पिंग बंद करा म्हणतेस. तेव्हा बंद झालं असतं तर तू शिकली असतीस का?"

या प्रश्नाला बगल देणारे पर्यावरण मला नको. आणि आमच्या दारातला ढीग उचलून दुसऱ्या गरिबाच्या, एखाद्या आदिवासी पाड्याच्या दारात टाकला, तर तो न्याय नव्हे. ती पायरीपायरीची विषमताच. उत्तर वेगळे आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. तिथे कचरावेचक बाया घरोघरी जाऊन वेगळा केलेला कचरा घेतात. ओळखपत्र आणि हक्काची कमाई घेऊन काम करतात. तिथेही झगडे आहेत, पण दिशा ती आहे. कचरा शहराने स्वतः वेगळा करावा, ढीग संपावा आणि ज्यांनी फुप्फुसे देऊन शहर साफ ठेवले त्यांना कामाचा पहिला हक्क मिळावा. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "हे बोल ना मग विहारात."

म्हणून बोलते आहे. मित्रांनो, कायद्याने आपल्या हातात काय आहे ते बघा. १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माहुलच्या दूषित हवेत प्रकल्पग्रस्तांना सक्तीने राहायला लावता येणार नाही, त्यांना भाडे द्या, असे बजावले. ती कुटुंबे महिनोन्‌महिने रस्त्यावर बसली तेव्हा हे घडले. आणि एक आकडा पाठ करा: बारीक कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. म्हणजे कागदावर 'समाधानकारक' हवा हीच मुळात आठपट घाण असू शकते.

स्वतःकडेही बघावे लागेल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण फटाक्यांच्या माळा लावतो. शहराचा धूर त्या एका रात्रीचा नाही, आणि आपल्या जयंतीकडे बोट दाखवणाऱ्यांची नियतही आपल्याला कळते. तरीही त्या रात्री धाप लागते ती आपल्याच लेकरांना. तो खर्च अभ्यासिकेला द्यावा, असे मी या वर्षी बैठकीत मांडणार आहे. वाद होईल. होऊ द्या.

त्या तरुण कार्यकर्त्याला मी पुढच्या रविवारी एक वही दिली. आमच्या चार गल्ल्या, प्रत्येक घर, किती जणांना दमा, किती जणांना क्षय, किती मुलांच्या शाळा थंडीत बुडतात. तो म्हणाला, "ताई, हे तर सर्वेक्षण झालं." मी म्हटले, "हो. केसपेपरवर जागा नाही ना, म्हणून वही." आता तो आणि तीन मुली दर रविवारी वंदनेनंतर दोन तास फिरतात. माहिती अधिकारात मागायच्या प्रश्नांची यादी त्यानेच केली आहे.

महाडला आपण पाण्यावरचा हक्क मागितला, कारण पाण्यावाचून माणूस जगत नाही. हवेवाचून तर काही मिनिटेही नाही. तुमच्या वस्तीत धूर कुठून येतो, तो तिथे कुणी आणला आणि त्याचा फायदा कुणाला, हे तीन प्रश्न घेऊन एक वही उघडा.

जय भीम!