मध्यरात्रीचा सूर्य आणि घरची दिवेलागण

रोहण्याहून नॉर्वेला जाण्याचा मार्ग कोणता, असें आम्हांस कोणी विचारील तर तो आम्ही तत्काळ सांगूं शकूं. गांवाहून मोटारीनें पुलगांव, पुलगांवाहून रेल्वेनें मुंबई, मुंबईहून विमानानें कोपनहेगन, तेथून ओरेसुंदची खाडी ओलांडून स्वीडन, आणि स्वीडनमधून आगगाडीनें ऑस्लो. खाडीवरील हा मार्ग कांहीं अंतर पुलावरून व कांहीं अंतर समुद्राच्या तळाखालून जातो आणि तो २००० सालीं खुला झाला, हेंहि आम्हांस ठाऊक आहे. ठाऊक नसायला काय झालें? गेलीं सहा वर्षें हा प्रवास आम्ही आठवड्यांतून दोन वेळां तरी करीत आलों आहों. मात्र तो पाटलांच्या ओट्यावर बसून.

ओट्यावरील मंडळी चार. घरचे पाटील, पेन्शनीत निघालेले एक गुरुजी, गांवचे डॉक्टर आणि आम्ही. सभा भरते तेव्हां आरंभीं परदेशाचें नांवहि निघत नाहीं. कपाशीच्या वेचणीला बाया मिळत नाहींत, तुरीवर अळी पडली, डॉक्टरांच्या घराचें छप्पर पुनः गळूं लागलें, गुरुजींच्या पुण्यास असलेल्या चिरंजीवांचा चार दिवसांत फोन नाहीं, अशा क्रमानें संभाषण चालतें. हीं रडगाणीं एकमेकांस इतकीं पाठ आहेत कीं सांगणारा एखादें कडवें विसरला तर ऐकणारा तें पुरें करतो. मग आंतून चहा येतो, आणि दुसऱ्या कपाबरोबर नॉर्वे येतो.

या नादाचा उगम एका मे महिन्यांत आहे. वर्ध्याचा पारा पंचेचाळिसांच्या वर चढलेला, वीज गेलेली, आणि शिंपडलेलें पाणी फरशीवर टिकूं नये अशी ती संध्याकाळ होती. पदरानें वारा घेणें पुरुषांस शक्य नसल्यामुळें आम्ही वर्तमानपत्रांनीं घेत होतों. तेव्हां डॉक्टरांनीं हातांतल्या पंख्याची घडी उलगडून त्यांतीलच एक मजकूर वाचून दाखविला. नॉर्वेच्या उत्तर भागीं ट्रोम्सो म्हणून शहर आहे. तेथें मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास उगवलेला सूर्य जुलैच्या बाविसाव्या तारखेपर्यंत मावळतच नाहीं, आणि इतकें ऊन असूनहि लोक अंगांत लोकरीचे कोट घालून हिंडतात! सूर्य आहे पण उकाडा नाहीं, ही कल्पनाच वऱ्हाडच्या सीमेवरील माणसास वेड लावण्यास पुरेशी आहे. गुरुजींनीं लगेच अक्षांशांचा हिशेब मांडला. आमचा गांव विषुववृत्तापासून एकवीस अंशांच्या आंत, आणि ट्रोम्सो जवळजवळ सत्तर अंशांवर. आमचा मोठ्यांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडा अधिक, लहानांत लहान अकराच्या आसपास. म्हणजे सूर्याचा व आमचा व्यवहार रोखीचा. ट्रोम्सोचा सगळा उधारीचा. उन्हाळ्यांत दोन महिने अखंड उजेड द्यायचा आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तोंडहि दाखवायचें नाहीं!

पाटलांनीं पहिली हरकत घेतली ती मृगाची. जूनच्या सात तारखेला मृग लागतो. पेरणीच्या तोंडावर शेत टाकून सूर्य पाहायला जाणारा शेतकरी गांवांत तोंड कसें दाखविणार? डॉक्टरांनीं त्यावर तोडगा काढला, वीस मेला ट्रोम्सोस पोंचावयाचें आणि पांच जूनला रोहण्यास परत. हा सोळा दिवसांचा बेत त्यानंतर कधीं बदललेला नाहीं. बदलत आलें आहे तें फक्त वर्ष.

आगगाडीचा विषय निघाला म्हणजे मात्र आम्ही सारेच हळवे होतों. पुलगांव-आर्वीची अडीच फुटी रुळांची लहानगी गाडी १९१७ सालीं सुरू झाली आणि ती आमच्या गांवावरून जात असे. तिची गति काय होती तें विचारूं नये. मुलें चालत्या गाडींतून उतरून पुनः चढत असत अशी दंतकथा आहे आणि आम्ही ती खरी मानतों. ऑस्लो-बर्गेन रेल्वे तिच्याहून आठच वर्षांनीं वडील, १९०९ सालची. ती बाराशें मीटरांहून अधिक उंचीच्या बर्फाळ पठारावरून जाते आणि आजहि धांवते. आमची सपाट काळ्या मातींतून जात होती, आणि ती बंद पडून पुष्कळ वर्षें लोटलीं. बर्फानें जें झालें नाहीं तें मोटारींनीं व हिशेबाच्या वह्यांनीं केलें. गुरुजींना त्या गाडीच्या शिटीवर वर्ग सोडण्याची संवय होती, असें ते सांगतात.

प्रत्येकाचें जाण्याचें कारण निराळें. डॉक्टरांना उजेड पाहावयाचा आहे. गुरुजींना स्वीडनमध्यें उतरावयाचें आहे, कारण मुलांस मारणें घरांतसुद्धां बेकायदेशीर ठरविणारा तो पहिला देश. कायदा १९७९ सालचा. गुरुजींचा हात एके काळीं फार चालत असे, तेव्हां छडीवांचून पांढरपेशा घरांतलीं मुलें पाढे कशीं म्हणतात हें त्यांना प्रत्यक्ष पाहावयाचें आहे. त्याच देशांत मूल झाल्यावर आईबाप मिळून ४८० दिवसांची भरपाईची रजा मिळते, आणि त्यांतले ९० दिवस बापाच्या वांट्याचे असे राखलेले असतात कीं त्यानें ते न घेतले तर आईलाहि देतां येत नाहींत. ही माहिती गुरुजींनीं सांगितली तेव्हां पाटील म्हणाले, "पण बाप घरीं बसून तीन महिने करते काय?" आंतल्या बाजूस कोणीतरी हंसलें. त्या वेळीं आमचें तिकडे फारसें लक्ष गेलें नाहीं.

पाटलांचें स्वतःचें कारण सर्वांत वजनदार आहे. ऑस्लोस नोबेल शांतता पारितोषिकाचें एक केंद्र आहे. शहराच्या जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतींत तें २००५ सालीं उघडलें. पाटलांना तेथें जावयाचें आहे. गांधीजी १९३६ सालीं आमच्या जिल्ह्यांतील सेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, राहावयास आले; आणि पुढच्याच वर्षीं, १९३७ सालीं, नॉर्वेच्या पार्लमेंटचे एक सभासद ओले कोल्ब्योर्नसेन यांनीं त्यांचें नांव पारितोषिकासाठीं सुचविलें. १९३८ सालीं सुचविलें, १९३९ सालीं सुचविलें. १९४७ सालींहि नांव गेलें आणि १९४८ सालींहि गेलें. त्या शेवटच्या वर्षीं पारितोषिक कोणासच दिलें नाहीं. योग्य असा हयात उमेदवार नाहीं, असें समितीनें जाहीर केलें. एका मातीच्या कुडाच्या घरीं राहणाऱ्या माणसाचें नांव पांच वेळां इतक्या दूर जाऊन परत आलें, याचें पाटलांना मोठें नवल वाटतें.

"तेथें जाऊन तुम्ही करणार काय?" असें डॉक्टरांनीं एकदां विचारलें.

"काही नाही. सेवाग्रामहून आलो म्हणून सांगीन."

पाटील रोहण्याचे आहेत. पण समुद्रापलीकडे गेल्यावर जिल्ह्याइतकी सवलत माणसास घेतां यावी, असें आमचें मत आहे.

आमचें कारण इब्सेन. नोरा नवऱ्याचें घर सोडून जाते तें त्याचें नाटक १८७९ सालचें. पण नॉर्वेच्या घराविषयींचें हें नाटक त्यानें लिहिलें इटलींत. १८६४ पासून १८९१ पर्यंतचा बहुतेक काळ त्यानें मायदेशाबाहेर काढला होता. जर्मनींत प्रयोग व्हावयाचा तेव्हां तेथल्या रंगभूमीसाठीं नोरा मुलांकडे पाहून थांबते असा दुसरा शेवट खुद्द त्यालाच नाइलाजानें लिहून द्यावा लागला. मराठी रंगभूमीलाहि हा उत्तरेकडचा वारा लागला आहे. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' मंडळीनें रंगभूमीवर आणलेली 'आंधळ्यांची शाळा' ही ब्यर्नसन या नॉर्वेच्याच नाटककाराच्या कृतीवरून रचलेली, आणि अनंत काणेकरांचें १९४१ सालचें 'घरकुल' हें इब्सेनच्या वरील नाटकाचें रूपांतर. म्हणजे मराठी दिवाणखान्यांत नॉर्वेचें आगमन आमच्या बेताच्या बरेंच आधीं झालेलें आहे. दार लावून घेऊन नोरा गेली कोठें, यावर आजवर पुष्कळ वाद झाले. आमच्या ओट्यावरहि एकदां रात्रीं दहापर्यंत झाला. आम्हांस त्याहून दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या घरांत दूध कोणी तापविलें?

याचें उत्तर इब्सेननें दिलेलें नाहीं. परंतु आमच्या बेताची सारी मदार त्यावरच होती. दर वर्षीं जानेवारींत कागद बाहेर निघत, नकाशा पसरला जाई, आणि शेवटीं पाटील म्हणत, "आणखी दोन वर्षं थांबू." बाकीचे तिघेहि मान डोलवीत. कारण कोणी उच्चारीत नसे, तरी सर्वांस ठाऊक होतें. पाटलांच्या मातोश्री पंचाऐंशीच्या पुढच्या. त्यांना दिसतें कमी आणि ऐकूं मात्र स्वच्छ येतें. त्या माजघराच्या उंबऱ्याशीं, भिंतीला टेकून, रोज संध्याकाळीं बसलेल्या असत. आमची सारी स्कँडिनेव्हिया त्यांनीं सहा वर्षें ऐकली होती, आणि दोन वर्षांचा अर्थहि.

यंदा जानेवारींत त्यांनीं तोंड उघडलें. प्रश्न फार साधा होता.

"काहो गुरुजी, तिथं दिवस मावळतच नाही म्हणता, तर दिवेलागण केव्हा करतात?"

गुरुजी म्हणाले, "घड्याळ पाहून करत असतील, आजी."

"घड्याळ पाहून?" त्या थोडा वेळ थांबल्या. "मग लेकरांना घरी या म्हणून हाक केव्हा मारायची?"

यावर आम्हां चौघांपैकीं कोणासहि कांहीं सुचलें नाहीं. अक्षांश आमच्याजवळ होते, तारखा होत्या. हें मात्र कोणत्याहि माहितीपुस्तकांत नव्हतें. तेवढ्यांत त्या पुनः म्हणाल्या, आणि या वेळीं त्यांचें बोलणें गुरुजींना उद्देशून नव्हतें, "बाबू, माझ्या मरणाची वाट पाहून बेत नोको करू. मला कसंसं होते."

पाटलांचा चेहरा पाहवेना. डॉक्टरांनीं चष्मा पुसावयास घेतला. चहाचा ट्रे घेऊन वहिनी दारांत उभ्या होत्या, त्यांनीं तो खालीं ठेविला आणि अगदीं रोजच्या आवाजांत विचारलें, "मग माझा फोटो केव्हा काढायचा?"

"तुझा? काहून?" पाटील खरोखरच गोंधळले होते. "आईचं कसं होईल?"

"आईंचं तुम्ही असतानाही मीच करते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही गेल्यानं त्यांचं काय अडणार आहे? अडलं तर माझ्या जाण्यानं अडेल. म्हणून माझंच आधी ठरवा."

सहा वर्षांच्या आमच्या वाटाघाटींत इतका सरळ हिशेब कोणी मांडला नव्हता. चार आसनें, चार पारपत्रें, चार लोकरीचे कोट. पांचवें माणूस या गणितांत कोठेंच नव्हतें. नोराच्या वादाच्या रात्रीं वहिनी दाराआड उभ्या होत्या, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. नोराबद्दल त्यांचें मत चांगलें नाहीं. "न सांगता गेली असती तर गोष्ट वेगळी," असें त्या म्हणतात, "इतकं बोलत बसली तेवढ्या वेळात नवऱ्याला स्वयंपाकघर दाखवून गेली असती." हें मत टीकाकारांनीं विचारांत घ्यावयास हरकत नाहीं.

आजींनींच मार्ग काढला. धाकटी लेक आर्वीस असते. ती सोळा दिवस येऊन राहील. तिला पत्र नव्हे, लागलीच फोन झाला आणि ती हो म्हणाली. पाटलांचें पारपत्र होतेंच. वहिनींचा अर्ज नागपूरच्या कार्यालयाकडे गेला. खर्च मात्र वाढला. शेंगेन प्रवेशपत्राला प्रौढ माणसामागें ९० युरो, शिवाय तीस हजार युरोंची हमी असलेला आजारपणाचा विमा, शिवाय भाडें. संत्र्याच्या दोन वर्षांच्या पैशांतला बराचसा भाग यांत जाणार. स्वयंपाकघराची नवी फरशी पुढें ढकलली गेली. ती फरशी वहिनींनाच हवी होती, आणि ती पुढें ढकलण्याचा निर्णयहि त्यांचाच.

एका बाबतींत त्यांचा हिरमोड झाला. घरचें तूप नेतां येणार नाहीं. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशास मांस व दुधाचे पदार्थ तेथें आणूं देत नाहींत, आणि सीमेवरील अधिकाऱ्यास गाईच्या तुपाचें पावित्र्य समजावून सांगण्याइतकी नॉर्वेची भाषा आम्हां कोणासच येत नाहीं. भाजणी, पोहे आणि सुकी चटणी यांवर निभावावें लागेल. बर्गेनला वर्षांतले दोनशेंहून अधिक दिवस पाऊस पडतो असें वाचल्यापासून त्यांनीं पापड मात्र यादींतून स्वतःच काढून टाकले.

वकिलातीला लागणाऱ्या कागदांची यादी एका पानांत मावते. आर्वीच्या वन्संसाठीं वहिनी जी यादी सांगत आहेत आणि गुरुजी जी उतरून घेत आहेत, तिचें तिसरें पान चालू आहे. सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती. ती पाण्याबरोबर नव्हे, दुधाबरोबर. दूध कोमट, पण साय काढलेलें. डोळ्यांत थेंब घालतांना आधीं हाक मारावी, नाहींतर आजी दचकतात. मोलकरीण गुरुवारीं येत नाहीं. काळ्या गाईला पाटलांच्या हातचें चालत नाहीं. पाटील जवळ बसून सारें ऐकत असतात. मधूनच "हेही असते का?" असें विचारतात, आणि वहिनी उत्तर न देतां पुढचें कलम सांगतात.

शेवटचें कलम आजींनीं घालावयास लाविलें. रोज दिवेलागणीला फोन करावा. रोहण्याच्या दिवेलागणीला, तिकडे उजेड असला तरी. आमच्या येथें सायंकाळचे सात वाजतात तेव्हां उन्हाळ्यांत नॉर्वेस दुपारचे साडेतीन झालेले असतात. गुरुजींनीं हा हिशेब करून यादीच्या समासांत लिहून ठेविला आहे.