ग्रिमबंधूंच्या मुलखात

हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट तुम्ही कधी ना कधी ऐकली असेलच. दुष्काळ पडलेला, घरात खायला काही नाही, आणि सावत्र आई लाकूडतोड्याच्या मागे लागते, की पोरांना रानात सोडून या. मग वाटेवर टाकलेले पांढरे खडे, पाखरांनी टिपलेला पावाचा चुरा, खाऊचं घर आणि चेटकीण! लहानपणी आम्ही भावंडं गोधडीत शिरून ही गोष्ट ऐकायचो. चेटकीण एकदाची भट्टीत गेली की गाढ झोपायचो. ज्या घरातून मुलांना हाकललं त्याच घरी ती परत कशी गेली, हा प्रश्न काही आम्हाला पडला नाही.

तो पडला माझ्या भाचीला, आणि तोही थेट ग्रिमबंधूंच्या गावात.

जर्मनीत फुल्डा नदीच्या काठी कासल नावाचं शहर आहे. माझी ताई आणि भावोजी तिथे राहतात. भाची तेरा वर्षांची. ताई-भावोजी आधी गेले तेव्हा बस्तान बसेपर्यंत तिला साताऱ्याला आजीजवळ ठेवलं होतं. सहा महिने म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. आता ती आईबापांजवळ आहे, पण मी गेले तेव्हा पाहिलं, तर ती ताईशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलत होती. ‘हो’, ‘नाही’, ‘चालेल’. भांडणसुद्धा नाही!

पुण्याहून निघताना मी तिच्यासाठी एक कादंबरी नेली होती. अ‍ॅडम गिडविट्झ या अमेरिकन लेखकाची ‘अ टेल डार्क अँड ग्रिम’, २०१० साली आलेली. इंग्रजीत ‘ग्रिम’ म्हणजे भीषण आणि ग्रिमबंधूंचं आडनावही तेच, म्हणजे नावातच कोटी. लेखक मधूनच गोष्ट थांबवतो आणि बजावतो, की जवळपास लहान मुलं असतील तर त्यांना बाहेर पाठवा, पुढे रक्त आहे. असं सांगितल्यावर कोण बाहेर जाईल!

या कादंबरीतले हॅन्सेल-ग्रेटेल राजाची मुलं आहेत. राजाचा एक इमानी सेवक असतो, योहानेस. राजाला वाचवता वाचवता तो दगड होतो. त्याला पुन्हा माणूस करायचं तर राजाने स्वतःच्या हाताने आपल्या मुलांची डोकी उडवायची, अशी अट. आणि राजा ती उडवतो! मग डोकी परत जोडली जातात, मुलं उठून खेळू लागतात, आनंदीआनंद. ‘इमानी योहानेस’ ही ग्रिमबंधूंची मूळ गोष्ट इथेच संपते. आपल्याकडचा चिलया बाळही असाच जिवंत झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईशी काय बोलला, हे कोणी सांगत नाही. गिडविट्झ नेमका त्या सकाळपासून सुरू करतो. बापाने काय केलं हे मुलांना कळतं. ती रात्री घर सोडतात आणि चांगले आईबाप शोधायला निघतात. वाटेत खाऊचं घर लागतं, पक्षी झालेले सात भाऊ लागतात, नरकात जाऊन सैतानाचे तीन सोनेरी केस उपटून आणावे लागतात. एका ग्रिमकथेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी त्यांची वणवण.

भाचीने दोन रात्रींत निम्मं पुस्तक संपवलं. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाली, “मावशी, मला वाटतं त्यांनी घरी परत जाऊच नये.”

ताई पाव कापत होती. तिने मान वर केली नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी ट्रॅमने नीडरत्स्वेरनला गेलो. पूर्वी हे वेगळं खेडं होतं, आता कासलमध्येच आलंय. लाकडी चौकटींची जुनी घरं अजून उभी आहेत. दोनशे वर्षांपूर्वी इथे डोरोथेआ फीमान नावाची बाई राहायची. शिंप्याची बायको. तिच्या वडिलांची हमरस्त्यावर खानावळ होती. येणारेजाणारे गाडीवान, सैनिक, फिरते कारागीर रात्री तिथे गोष्टी सांगायचे आणि ही मुलगी ऐकायची. पुढे उतारवयात ती कासलला भाजीपाला विकायला जायची, तेव्हा ग्रिमबंधूंच्या घरी बसून गोष्टी सांगायची. जवळजवळ चाळीस! ‘इमानी योहानेस’ तिचीच. म्हणजे एका भाजीवाल्या आजीची गोष्ट दोनशे वर्षं फिरून अमेरिकेला गेली आणि कादंबरी होऊन साताऱ्याच्या पोरीच्या दप्तरात परत आली. मला याचं फार अप्रूप वाटलं. भाची मात्र म्हणाली, “भूक लागली.”

कासलमधलं संग्रहालय, ‘ग्रिमवेल्ट’, २०१५ साली उघडलं. टेकडीवरची दगडी इमारत, पायऱ्या चढून थेट छतावर जाता येतं. पण खरा खजिना आत मंद उजेडात आहे: ग्रिमबंधूंच्या स्वतःच्या वापरातल्या कथासंग्रहाच्या प्रती. समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या आणि टिपणं खच्चून भरलेली. २००५ साली युनेस्कोने या प्रतींना जगाच्या स्मृतिठेव्यात जागा दिली. आपल्या निबंधाच्या वहीवर बाईंनी लाल शाईने केलेल्या खुणा आठवा. इथे लेखकांनीच आपली वही आयुष्यभर तपासली! १८१२ ते १८५७ या काळात त्यांनी या पुस्तकाच्या सात आवृत्त्या काढल्या आणि प्रत्येक वेळी गोष्टी थोड्या थोड्या बदलल्या.

त्यातलाच एक बदल मी भाचीला सांगितला. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलची आई सावत्र नाहीच. सख्खी आहे. सावत्र झाली ती चौथ्या आवृत्तीत, १८४० साली. हिमगौरीचंही तसंच, तिची दुष्ट राणी आधी सख्खी आईच होती. घराघरांत मुलांना वाचून दाखवायचं पुस्तक, त्यात सख्खी आई अशी कशी वागेल, म्हणून हा बदल केला असावा, असं अभ्यासकांना वाटतं.

“म्हणजे खोटंच की,” भाची म्हणाली. बराच वेळ ती त्या काचेपुढे उभी होती.

रविवारी आम्ही सगळेच स्टाइनाऊला निघालो. फुल्डाला गाडी बदलावी लागते. स्टाइनाऊ हे फ्रांकफुर्ट-लाइपझिगच्या जुन्या व्यापारी वाटेवरचं छोटं गाव. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम इथे वाढले. वडील सरकारी अधिकारी, म्हणून राहायला १५६२ सालचं ऐसपैस सरकारी घर. आज तिथे संग्रहालय आहे. जिना, चूल, अंगण पाहताना वाटतं, काय सुखाचं बालपण! पण १७९६ च्या जानेवारीत वडील न्यूमोनियाने गेले. याकोब नुकताच अकरा वर्षांचा झाला होता, विल्हेल्म नऊ वर्षांचा. त्यांच्या पाठची आणखी चार. सरकारी घर सोडावं लागलं, पैशांची ओढाताण सुरू झाली. १७९८ साली आईने या दोघा थोरल्यांना शिकायला कासलला पाठवलं, मावशीकडे. ती तिथे राजवाड्यात नोकरीला होती. खर्च तिनेच उचलला.

“किती वर्षांचा होता तेव्हा?” भाचीने विचारलं.

“याकोब तेरा, विल्हेल्म बारा.”

“मग परत आले?”

उत्तर ताईने दिलं. “ते नाही आले. सात वर्षांनी आईच बाकीच्या पोरांना घेऊन कासलला गेली. १८०५ साली.” हे तिला कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे. आल्या आल्या या घराविषयी तिने वाचलं असावं, भाची साताऱ्याला होती तेव्हाच.

भाची अंगणातल्या फरशीवर बुटाचं टोक घासत राहिली. मग एकदम म्हणाली, “आई, तू कोणत्या आवृत्तीतली?”

भावोजींना काही कळलं नाही. मला वाटलं, आता ताई रडणार. पण तिला आवृत्त्यांचा किस्साही ठाऊक होता.

“पहिल्या,” ती म्हणाली. “सख्खी. सोडून आलेली.”

आणि मग, कासलला आल्यापासून पहिल्यांदा, त्या दोघी कडाकडा भांडल्या. भर अंगणात, मराठीत! आजीच्या फोनवर दोन मिनिटंच का बोलायचीस, वाढदिवसाला का आली नाहीस, सहा महिने म्हणाली होतीस ना. एक जर्मन आजोबा थांबून बघायला लागले, तेव्हा भावोजींनी सगळ्यांना आइसक्रीमच्या दुकानाकडे वळवलं.

परतीच्या गाडीत भाचीने कादंबरीची शेवटची पन्नास पानं वाचली. बाहेर बीचची दाट रानं मागे पळत होती. पुस्तक मिटून तिने ते ताईच्या मांडीवर ठेवलं.

“शेवटी परत जातात का गं घरी?” ताईने विचारलं.

“सांगणार नाही. वाच तू.”

ताईने पर्समधून चष्मा काढला.