नवतपा आणि विजेची बस

नागपुरात मोरभवनाहून हिंगण्याकडे निघालेल्या विजेच्या बसमध्ये, ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, एक चालक मला म्हणाला होता, "साहेब, गाडी मस्त आहे जी, पण एसी लावला का चार्जिंग भराभर उतरते." त्याचं निरीक्षण अचूक होतं. 23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हात बॅटरीला चाकं फिरवावी लागतात, प्रवाशांना गारवा द्यावा लागतो आणि स्वतःलाही थंड राहावं लागतं. एरवी किलोमीटरला साधारण एक युनिट खाणारी नऊ मीटरची बस मग सव्वा युनिटावर जाते.

मी बसडेपोंचं चार्जिंग आखतो. नव्या इंधनाचं या शहराला वावडं नाही. इथेनॉलवरची देशातली पहिली बस 2014 मध्ये इथेच धावली. पुढे ती सेवा बंद पडली. मे 2017 मध्ये विजेच्या टॅक्सींचा मोठा प्रयोगही इथलाच. त्यात चालकांचे कमाईचे तास चार्जिंगच्या रांगेत गेले. महापालिकेच्या 'आपली बस'मध्ये विजेच्या गाड्या आल्या, महिलांसाठी 'तेजस्विनी' आली. राज्याच्या 2021 च्या विद्युत वाहन धोरणाने तर 2025 पर्यंत सहा शहरांतल्या सार्वजनिक वाहतुकीतली 25 टक्के वाहनं विजेवर आणायचं ठरवलं. त्या सहा शहरांत नागपूर होतं.

उद्घाटनाचे फोटो बसचे निघतात. माझी झोप उडते ती डेपोच्या वीजजोडणीने. समजा, चाळीस बस रोज दीडशे किलोमीटर धावल्या. म्हणजे रात्रीत सहा हजार युनिटं भरायची. पाळी लावून सहा तासांत भरली तर हजार किलोवॉटचा भार पुरतो. पण सगळ्या गाड्या रात्री अकराला आल्या आणि एकदमच 120 किलोवॉटच्या चार्जरला जोडल्या, तर तोच भार 4,800 वर जातो. तेवढा मंजूर भार मागायचा, ट्रान्सफॉर्मर बसवायचा आणि वर्षभर त्याचे पैसे भरायचे, ते फक्त पाळी लावली नाही म्हणून! एका डेपोत मी नव्या कोऱ्या बस उच्चदाब जोडणीची वाट बघत धूळ खाताना पाहिल्या आहेत. फार वाईट वाटलं होतं.

मग हायब्रिडच का नको? त्याचा उपयोग मला मर्यादित वाटतो. ज्या गाडीचा दिवस ठरलेला नसतो, पूर आला की रात्रभर फिरावं लागतं, तिला तो ठीक. ठरल्या मार्गावरच्या बसला बॅटरीच हवी. सिग्नलागणिक ब्रेक लागताना वाया जाणारी ऊर्जा हायब्रिडसारखीच तीही परत घेते.

आता कोराडीच्या वीजकेंद्राबद्दल. विजेच्या बसमुळे शहरातल्या बर्डी भागातला धूर कमी होतो हे खरं, पण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या शहराच्या उंबरठ्यावरच आहेत. तिथल्या लोकांना 'स्वच्छ बस' हा शब्द कसा ऐकू येत असेल?

म्हणून मी दुपारच्या सौर चार्जिंगचा आग्रह धरतो. उन्हाळ्यात बारा ते चार नागपूरचे रस्ते ओस पडतात. त्या वेळी फेऱ्या कमी करून निम्म्या बस डेपोत आणाव्यात आणि सौर पॅनेलच्या छपराखाली लावाव्यात. सावलीत बॅटरी निवते, वर तयार होणारी वीज तिच्यातच भरली जाते, आणि संध्याकाळी बर्डीवर गर्दी उसळते तेव्हा गाडी भरलेली असते. रात्रीचा भारही तेवढा हलका होतो. यासाठी वेळापत्रक लावणारा आणि वीज आखणारा एका टेबलाशी बसायला हवेत. आजवर मला वेळापत्रक लावणारा माणूस बहुतेकदा गाड्या येऊन गेल्यावरच भेटला आहे.