टेकडीखालचे पॅचम

ब्रायटन म्हटले की समुद्रकिनारा आणि राजवाडा एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. शहराच्या उत्तर सीमेवरील पॅचम या उपनगराची वाट सहसा कोणी धरीत नाही. कन्येच्या बिऱ्हाडी मुक्काम असताना आम्ही उभयतांनी ते पायी पाहिले. महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे गावठाण कोठे, शिवार कोठे आणि शेतजमीन बिनशेती केव्हा झाली, हे शोधण्याची आमची खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

पॅचमची नोंद १०८६च्या जमीनपाहणीत, म्हणजे 'डूम्सडे बुका'त आहे आणि तीत मेंढपाळांचाही उल्लेख आहे. गावामागे साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्या आहेत. हा खडू म्हणजे मऊ, पांढरा चुनखडक. त्यावर मातीचा थर पातळ, त्यामुळे ही भूमी शतकानुशतके मेंढरांची राहिली. १९२८ साली पॅचम ब्रायटनमध्ये समाविष्ट झाले आणि पुढील दशकात शेतांच्या जागी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या.

मग टेकड्या कशा वाचल्या? उत्तर पाण्यात आहे. पाऊस खडकात मुरतो आणि विहिरींतून शहराला मिळतो. हे पाणी दूषित होऊ नये म्हणून नगरपालिकेने टेकड्यांवरील जमिनी विकत घेतल्या. हाच खडक तुडुंब भरला तेव्हा, २००० सालच्या अखेरीस, पाणी जमिनीखालून वर आले आणि पॅचममधील घरांत शिरले.

या टेकडीवर आपलीही एक नोंद आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी सैनिकांवर ब्रायटनच्या रुग्णालयांत उपचार झाले. खडकीचे सॅपर्सही त्या आघाडीवर लढले होते. रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांना पॅचमच्या माळावर अग्नी देण्यात आला आणि रक्षा समुद्रात विसर्जित झाली. त्या जागी संगमरवरी छत्री उभारली गेली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी ब्रिटिश युवराजांनी तिचे अनावरण केले.

आज छत्रीकडे वाहन जात नाही. महामार्ग ओलांडून, कुरणातून चढत जावे लागते. दरवर्षी जूनमध्ये तेथे स्मरणसभा भरते. त्या ५३ जणांची नावे मात्र तेथे दगडावर कोरली गेली ती २०१० साली. म्हणजे नावे त्या जागी येण्यास सुमारे ९५ वर्षे लागली.

आम्हांस विचारात पाडले ते याच आकड्याने. ज्यांचे कोणी आप्त त्या गावात नव्हते, त्यांची आठवण गावाने राखली, पण छत्री राखणे सोपे आणि नावे राखणे अवघड. आपली घराणीही पिढ्यान्‌पिढ्या दूरच्या भूमीत रुजली. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे राजघराण्यांची स्मारके दिमाखात उभी आहेत. त्यांच्याबरोबर आलेले कारकून, शिलेदार, पुजारी, स्वयंपाकी यांची नावे कोठे आहेत? ती असलीच तर घरच्या जुन्या वह्यांत, कुळाचाराच्या टिपणांत आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणात. वह्यांना वाळवी लागते आणि माणसेही थांबत नाहीत. सरकारी दप्तर जमिनीची नोंद ठेवते. माणसांची नोंद ज्याच्या त्याच्या घरानेच ठेवावयाची असते. ती आपल्या हयातीतच लिहून काढावी, एवढेच वाचकांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे.