कालव्यावरचं वळण

मित्रांनो, 'देवळाली' म्हटलं की बहुतेकांना नाशिकजवळची देवळाली आठवते. तिथे लष्कराची छावणी आहे, तोफखान्याची मोठी शाळा आहे. आमची देवळाली ती नव्हे बरं का! आमची देवळाली प्रवरा. नगर-मनमाड रस्त्याने राहुरी सोडली की थोड्याच वेळात 'राहुरी फॅक्टरी' येते. हे गावाचं नाव आहे. साखर कारखान्यामुळे पडलेलं. तिथून आत वळायचं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच घासाचं हिरवंगार वावर, मग कालवा आणि मग आमचं गाव.

या कालव्याचं पाणी फार लांबून येतं. तिकडे सह्याद्रीत प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण आहे. ते 1926 साली पूर्ण झालं. तिथलं पाणी कालव्याने आमच्या उसापर्यंत पोचतं. कालव्याला पाणी सुटलं की गावात म्हणतात, "आवर्तन आलं!" मग रात्रीबेरात्री बॅटऱ्या घेऊन माणसं दारं धरायला निघतात.

कालव्याच्या कडेने मुरमाचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर बाभळीपाशी एक वळण आहे. आज मी तुम्हांला सांगणार आहे माझ्या नव्या मोटरसायकलची गोष्ट. पण ती सुरू होते या वळणापासून, आणि तीही 2004 साली.

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आबांबरोबर नगरच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन गेलो होतो. परत येताना माळीवाड्याच्या एसटी स्टँडजवळ एक मोटरसायकल उभी दिसली. अशी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती! रुंद टायर, फुगलेली टाकी, इंजिनाचे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकलेले. तिचं नाव कॉमेट 250. कोरियातल्या ह्योसंग कंपनीची ही गाडी आपल्याकडे आणली होती नगरच्याच कायनेटिक इंजिनिअरिंगने. म्हणजे ज्या कंपनीने 1972 साली आपली लाडकी लूना रस्त्यावर आणली, तीच ही! मालक आला, त्याने गाडी सुरू केली आणि कोपऱ्यावर ती अशी काही कलवली की माझा श्वासच अडकला.

आमच्या घरी लूनाच होती. 50 सीसीची, पायडल असलेली. त्या संध्याकाळी मी आबांना न विचारता ती काढली. माझा जिवलग वर्गमित्र मागे बसला. आम्ही कालव्यावर गेलो. बाभळीच्या वळणावर मी लूना तशीच कलवली, त्या माणसासारखी.

लूनाचं पायडल जमिनीला टेकलं. मुरमावर चाक सुटलं. मला गुडघ्याला खरचटलं, बस्स. मित्र मात्र लूनाखाली आला. त्याचा पाय मोडला. नगरच्या दवाखान्यात त्याला तीन आठवडे ठेवावं लागलं. हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. तो आजही थोडा लंगडतो.

तो मला कधी एका शब्दानेही बोलला नाही. त्याची आईसुद्धा बोलली नाही. तुम्हांला खरं सांगू? ते न बोलणंच फार जड गेलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर गाडीचं वेड गेलं असेल. नाही गेलं! फक्त ते मी कुणाला सांगेनासा झालो. पुढे डिप्लोमा झाला, चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायची नोकरी लागली. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकू लागलो. पण 2012 च्या दुष्काळात उभा ऊस वाळायला लागला आणि ते पैसे बोअरला गेले. पुन्हा साठवले. 2021 साली करोनात आबा आजारी पडले, तेव्हा ते दवाखान्यात गेले. आबा बरे झाले. मग काय, तिसऱ्यांदा सुरुवात!

गंमत पाहा, मी ज्या गाडीची स्वप्नं बघत होतो ती जपानी कंपनीची असली तरी जुळवली जात होती माझ्या कामाच्या गावातच, चाकणला. कावासाकीची निंजा 650. अखेर 2024 च्या दसऱ्याला पुण्यात तिची किल्ली माझ्या हातात पडली. तेव्हा माझं वय होतं चौतीस. म्हणजे वीस वर्षं झाली होती!

आता या गाडीची थोडी ओळख करून घेऊ. 650 हे नाव तिच्या सीसीवरून आलं. खरा आकडा 649. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. दट्ट्या सिलिंडरमध्ये वरखाली होताना जेवढी जागा व्यापतो, तेवढं माप. निंजाला शेजारी शेजारी दोन सिलिंडर आहेत. दोघांची जागा मिळून अर्ध्या लिटरहून जास्त भरते. आमच्या लूनाची जागा होती 50 सीसी, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीएवढी! निंजाची ताकद 68 अश्वशक्ती आणि वजन 196 किलो. साखरेच्या 50 किलोच्या पोत्यांत मोजा: जवळजवळ चार पोती. उभी असताना ती एका बाजूला जरा जास्त झुकली की सावरताना घाम फुटतो.

एवढी ताकद हाती आली, तर आपण काय करू? भन्नाट सुटू! पण गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काय म्हणतं ऐका. पहिले 800 किलोमीटर इंजिनाचे फेरे मिनिटाला 4000 च्या वर न्यायचे नाहीत. 1600 किलोमीटरपर्यंत 6000 च्या वर नाही. पूर्ण जोर मिळतो तो 8000 फेऱ्यांना! असं का? तर नव्या इंजिनात धातूचे भाग एकमेकांवर नुकतेच फिरू लागलेले असतात. त्यांना हळूहळू एकमेकांची सवय व्हावी लागते. टायरचंही तसंच. नवा टायर गुळगुळीत असतो. शे-दीडशे किलोमीटर रस्त्यावर घासला की मग त्याची पकड नीट बसते. तोवर गाडी फार कलवायची नाही.

म्हणजे वीस वर्षं थांबून मिळालेली गाडी हळूच चालवायची! मला हसूच आलं.

चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला आणि निघालो. पुण्याहून आमचं गाव साधारण 165 किलोमीटर. वाघोलीपर्यंत नुसती गर्दी. पायात इंजिनाची ऊब, डाव्या हाताला क्लचची कसरत. शिक्रापूर मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला. रांजणगावला महागणपतीसमोर हात जोडले. शिरूरला घोड नदी ओलांडली की आपला जिल्हा लागतो. त्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जिभेवर अजून 'नगर'च येतं.

सुप्याच्या अलीकडे रस्ता सरळ होता. काटा 4000 च्या आत, वेग साधारण 80. हवा हेल्मेटवरून सूं सूं करत जात होती. आणि तुम्हांला सांगतो, मला ओरडावंसं वाटलं! मी ओरडलोही. हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जातंय?

इथे एक गोष्ट नीट कळली, ती तुम्हांलाही सांगतो. वळताना मोटरसायकलचं हँडल सायकलसारखं फिरवायचं असतं असं आपल्याला वाटतं. पण वेगात असताना डावीकडे जायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. चाक क्षणभर उजवीकडे जातं आणि गाडी डावीकडे कलते. कलली की वळते. सायकलवरही हेच घडतं, पण नकळत. माझ्या मनात आलं, 2004 साली मी त्या माणसाचं कलणं पाहिलं होतं. त्याचा रस्ता डांबरी होता, त्याचे टायर रुंद होते, त्याचे हात शिकलेले होते. यातलं मी काहीच पाहिलं नव्हतं.

सुप्याजवळच एक म्हैस रस्त्यात आली. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. म्हैस माझ्याकडे बघत शांतपणे रवंथ करत राहिली! थांबल्यावर मनात हिशेब केला. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. 40 च्या वेगात समजा 9 मीटर, तर 80 ला 36 मीटर. शिवाय म्हैस दिसल्यापासून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी आणखी 22 मीटर पुढे आलेली असते. करून पाहा हे गणित.

नगर ओलांडलं, कृषी विद्यापीठ गेलं, मुळा नदीचा पूल गेला, राहुरी आली. फॅक्टरीवर वळलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आई ओवाळायला दारातच उभी होती. आबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "आरं, ही गाडी हाये का रेडा?" सगळे हसले. मग ते हळूच म्हणाले, "दोनदा तुझं पैसं आमच्यापायी गेलं. आता ही नीट सांभाळ. तिच्याआधी सोताला सांभाळ."

आणि आता खरी परीक्षा. माझा भाचा दसऱ्याला आजोळी आला होता. वय वर्षं चौदा! शाळेतली निम्मी मुलं घरची स्कूटर चालवतात, तोही चालवतो. संध्याकाळी सगळे सोनं वाटण्यात गुंतले होते. मी अंगणात आलो, तर किल्ली गाडीला आणि भाचा गाडीवर!

"मामा, एकच चक्कर. कालव्यापर्यंत. मला येते."

मी त्याला सांगू लागलो. गिअरच्या गाडीला अठरा वर्षं पुरी लागतात, परवाना लागतो. 2019 पासून तर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली की पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भाचा खाली बघत ऐकत होता. पण त्याचा चेहरा मला ओळखीचा होता. तो चेहरा माझाच होता, 2004 सालचा. त्याला कायदा ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात माझा मित्र आला, आपट्याची पानं घेऊन. त्याचं गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. अख्ख्या शिवारातल्या विहिरींच्या मोटरी तो दुरुस्त करतो. त्याने गाडीवरचा भाचा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा ती गोष्ट सांगणार.

तो म्हणाला, "उतर बाळा. पयला नंबर माझा हाये. मी वीस वर्षं थांबलोय."

माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी दुसरं हेल्मेट आणलं. मागे बसणाऱ्यालाही ते लागतंच. मित्राला आखूड पायाने मागच्या उंच सीटवर चढायला वेळ लागला. मी गाडी घट्ट धरून उभा राहिलो. आम्ही कालव्यावर गेलो. मुरूम तसाच, बाभूळ मात्र तोडलेली. वळण आलं तसा मी वेग इतका कमी केला की पोरं सायकलवरून पुढे गेली असती. गाडी जवळजवळ सरळच वळली.

वळण पार झालं. मागून आवाज आला, "झालं?"

"झालं."

"मग आता पाणी पाज. घसा सुकलाय माझा."

तेव्हा मला कळलं, तोही घाबरला होता. तरीही तो बसला होता. कालव्याच्या कडेला थांबून आम्ही कितीतरी वेळ बोललो. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला म्हणालो, "माझं चुकलं होतं." तो म्हणाला, "म्हाईत हाये मला. पण बरं झालं बोललास."

घरी आलो तेव्हा भाचा पायरीवर बसून होता. माझा मित्र लंगडत त्याच्यापाशी गेला, शेजारी बसला आणि त्याने पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर घेतला. ती जुनी खूण दाखवून तो काय बोलला, ते मला ऐकू आलं नाही. फक्त शेवटचं ऐकू आलं, "तुला अठरा झाली, परवाना निघाला, की तुझ्या मागं पयला मीच बसणार."

भाच्याने आपण होऊन किल्ली माझ्या हातात दिली. आता तो दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "मामा, किती किलोमीटर झाले?" 1600 झाले तेव्हा माझ्याआधी त्याचाच हिशेब तयार होता! त्याला चार वर्षं थांबायचं आहे. फार वाटतात ना? मला वीस लागली, आणि मी अजून तिथेच आहे. गाडीही आहे.

मित्रांनो, शिर्डीला जाताना नगर-मनमाड रस्त्यावर कधी तुम्हांला एक हिरवी गाडी आपली सावकाश जाताना दिसली, तर हात करा. मागे बसलेला माणूस तुम्हांला नक्की हात करील.