उभं राहून ऐकलेले तास

चि. भाचीस,

अमेरिकेत एमएला प्रवेश मिळाल्याचं कळवलंस आणि लगेच विचारलंस, "मामा, गळ्यातला दाविदाचा तारा काढून ठेवू का?" हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं.

आपल्या घरात हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून अलिबागकडची गावं आपल्याला ओळखायची आणि तिथेच विषय संपायचा. मला ज्यूद्वेष भेटला तो परदेशात, शिकल्यासवरल्या माणसांत.

त्यात नवल नाही. मे 1933 मध्ये बर्लिनच्या चौकात पुस्तकांना आग लावली ती विद्यार्थ्यांनी. 1922 साली हार्वर्डच्या अध्यक्षांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या ठरावीक ठेवायचा घाट घातला होता. पण मला सारखं आठवतं ते पोलंड. 1937 साली वॉर्सॉ विद्यापीठात ज्यू मुलांच्या नोंदवहीत शिक्का मारू लागले : जागा विषम क्रमांकाच्या बाकांवर. पोरांनी बसायलाच नकार दिला. भिंतीला टेकून, हातावर वही धरून ती टिपणं घ्यायची. त्यापायी मारही खायची. काही प्राध्यापकांनी मग आपलीही खुर्ची सोडली. मुलं उभी, तर आम्हीही उभे. ल्वूव विद्यापीठाचे कुलगुरू कुल्चिन्स्की यांनी असल्या हुकमावर सही करण्याऐवजी पद सोडलं. अशी माणसं थोडीच होती, पण होती.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्राएलवर हल्ला केला, त्यानंतर एका चर्चासत्राच्या आयोजकांनी मला कळवलं, आधी इस्राएलबद्दलची भूमिका लेखी द्या, मग निबंधाचं बघू. निबंध होता कोकणातल्या तेलाच्या घाण्यांवर! बाकी कुणाकडे असा खुलासा मागितला नव्हता. मी लिहून दिलं नाही. माझ्या बाजूने एकही सहकारी बोलला नाही, ते मात्र लागलं.

त्याच डिसेंबरात अमेरिकन संसदेत तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांना विचारलं, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक दिली तर तुमचा नियम मोडतो का? उत्तर आलं, संदर्भावर अवलंबून आहे. महिन्याभरात त्यातल्या दोघींची पदं गेली. कायद्याने ते उत्तर बरोबरही असेल. पण वसतिगृहात घाबरून बसलेल्या पोरीला ते कसं ऐकू गेलं असेल?

म्हणून तारा काढू नकोस. कुणी वर्गात तुझ्याकडे एखाद्या सरकारचा हिशेब मागितला तर देऊ नकोस. स्वतःहून बोलावंसं वाटलं तर खुशाल बोल, इस्राएलच्या सरकारविरुद्धसुद्धा. गाझातल्या लेकरांसाठी तळमळणारं माणूस आपलं वैरी नाही, त्याला तसं म्हणूही नकोस. आणि हिजाब घातलेल्या एखाद्या मुलीला कुणी दहशतवादी म्हटलं, तर वर्गात सगळ्यांत आधी तू उभी राहा.

थंडीचे कपडे तिकडेच घे, इथले पुरत नाहीत. पोचल्यावर आईला आधी फोन कर.

तुझा,
मामा