तीन पिढ्यांची शिल्लक

मे महिना सरायला आला की पिंपळनेरच्या बाजारात ठिबक आणि पाइपच्या दुकानांपुढे काळ्या नळ्यांची वेटोळी रचलेली दिसतात. गिऱ्हाईक सहसा एकटं येत नाही. शिकलेला मुलगा दुकानदाराशी बोलतो. नळी किती मिलिमीटरची, दोन ड्रिपरमध्ये अंतर किती, फिल्टर कोणता, हे सगळं तोच विचारतो. बाप दोन पावलं मागे उभा असतो. भाव जुळला की मुलगा वळून बापाकडे पाहतो आणि बाप बंडीच्या आतल्या खिशात हात घालतो. त्या खिशातले पैसे एकट्या बापाचे नसतात. त्यात आईने घातलेल्या दुधाचे असतात, मक्याच्या पट्टीतून उरलेले असतात, काकाने यंदापुरते मागे ठेवलेले असतात.

अशाच एका घराने 1963 साली आपल्या शिकलेल्या मुलाच्या हाती 7,000 रुपये ठेवले. घर जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्याचं, गाव वाकोद, मुलाचं नाव भवरलाल हिरालाल जैन. पिंपळनेरच्या बाजारातल्या काळ्या नळ्या भारतात कशा रुजल्या, हे या माणसाचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, जळगावबाहेरच्या उघड्या टेकड्या हिरव्या झाल्या, कंपनीचं नाव परदेशात गेलं. ते सारं पुष्कळदा लिहून झालं आहे. त्या 7,000 रुपयांकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं.

ते आले कुठून? भवरलालजींचे पूर्वज 1887 साली राजस्थानच्या वाळवंटी मुलखातून अन्नपाण्याच्या शोधात निघाले आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी वाकोदला येऊन थांबले. खानदेशातल्या कितीतरी मारवाडी घरांची कथा इथवर सारखीच आहे. पण परमुलखातून आलेलं कुटुंब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुकान येतं, तराजू येतो. या घराने जमीन धरली. अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी वाघूर गावाजवळून वाहत होती, काळी माती होती आणि ज्यांना पाण्यासाठी मुलूख सोडावा लागला होता त्यांना याहून जास्त काही नको होतं. या पट्ट्याची बोली तावडी. घरात मारवाडी आणि बांधावर तावडी, अशा दुहेरी बोलीत इथल्या अशा घरांची मुलं वाढली.

1887 ते 1963 म्हणजे 76 वर्षं. तीन पिढ्यांची सगळी साठवण त्या वर्षांवर वाटली तर वर्षाला 92 रुपये पडतात, महिन्याला आठसुद्धा नाहीत. या काळात छप्पनियाचा दुष्काळ येऊन गेला, इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली, दोन महायुद्धांची महागाई आली. लग्नं झाली, बाळंतपणं झाली, बैल मेले, विहिरी खणल्या गेल्या. एवढ्यातून महिन्याला आठ रुपयेही न पडणारी ही शिल्लक कोणी तरी बाजूला ठेवत गेलं. ठेवणाऱ्यांतल्या बहुतेकांना ती कशासाठी ठेवतोय हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आणि ती ज्याच्या हाती पडली, त्याला तिची गरजही नव्हती. 12 डिसेंबर 1937 चा जन्म, वाणिज्य आणि कायदा अशा दोन्ही पदव्या, आणि वर सरकारी परीक्षेत यश. उपजिल्हाधिकाऱ्याची खुर्ची समोर होती. महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. खेड्यातल्या शेतकरी घरातला मुलगा तालुक्याच्या मामलेदारापुढे उभा राहतानाही चपला बाहेर काढायचा, असा तो काळ. ज्याला वाकून नमस्कार करायचा, त्याच खुर्चीत आपलं पोर बसणार म्हटल्यावर कुठल्याही आईने गावभर पेढे वाटले असते.

गौराबाईंनी वेगळं सांगितलं. भवरलालजी ही आठवण आयुष्यभर सांगत राहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आईचं म्हणणं असं, की नोकरीने तुझं आणि तुझ्या बायकापोरांचं भागेल. पण शेतीशी जोडलेलं काही केलंस तर माणसांबरोबर गुराढोरांचं, पाखरांचंही पोट भरेल. हे भाबडं बोलणं नव्हे. खळ्यावर धान्य उफणताना कोणकोण येऊन दाणे टिपतं हे जिने रोज पाहिलं, तिचा तो रोकडा हिशेब होता. पगारात पाखरांचा वाटा नसतो.

मुलाने खुर्ची सोडली. घराने शिल्लक मोकळी केली. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तरच त्या रकमेचं खरं वजन कळतं. 1963 सालीही 7,000 रुपयांत कारखाना उभा राहत नव्हता. भांडवल म्हणून ती रक्कम लहानच होती. पण घराने मागे काहीही ठेवलं नव्हतं. सावकाराचं कर्ज बुडालं तर अब्रू जाते, आजोबा-पणजोबांची शिल्लक बुडाली तर बुडवणाऱ्याला घरात मान वर करून जेवता येत नाही. शिवाय धंदा एकट्याच्या नावाने सुरू झालाच नाही. ती कुटुंबाची भागीदारी होती. पहिल्या दिवसापासून त्या तरुणाच्या खतावणीवर घरच्यांची नजर होती.

सुरुवात घासलेटाने झाली, हातगाडीवर. ज्या काळात बहुतेक खेड्यांत वीज पोचली नव्हती, त्या काळात कंदील, चिमणी आणि स्टोव्ह यांच्यावर प्रत्येक घर चालत होतं. थोडक्या भांडवलाला असा माल बरा, कारण तो अंगावर पडून राहत नाही. सकाळी भरलेला डबा संध्याकाळी रिकामा होतो आणि गुंतलेले पैसे पुन्हा हातात येतात. पदव्या घेतलेल्या, अधिकारी होऊ शकलेल्या माणसाने गाडी ढकलावी यात गावाला काय वाटलं असेल ते वाटो. घासलेट मोजताना प्रत्येक दाराशी थांबावं लागतं आणि दाराशी थांबलेल्याला घराघरात काय कमी आहे ते दिसतं.

मग एकेक एजन्सी येत गेली. बियाणं, खतं, औषधं, ट्रॅक्टर, तुषार सिंचनाचे संच, पीव्हीसी पाइप. यादी नीट पाहिली तर त्यात एकही वस्तू शेताबाहेरची नाही. 1963 मधली सुमारे 10 लाखांची उलाढाल 1978 पर्यंत 11 कोटींवर गेली. पण तोवर हा धंदा दुसऱ्याने बनवलेला माल विकण्याचाच होता.

बनवण्याकडे वळण्याचा क्षण 1978 चा. जळगावात केळीची भुकटी करणारा एक आजारी कारखाना विक्रीला निघाला. भवरलालजींनी तो 30 लाखांना घेतला, आणि त्यातला रुपया न् रुपया कर्जाचा होता. घराने दिलेल्या शिल्लकेच्या हे सव्वाचारशे पटींहून अधिक. साठवणुकीवर वाढलेल्या घरातला मुलगा एवढं कर्ज अंगावर घेतो, तेव्हा घरापासून तो दुरावला असं म्हणता येईल का? त्याने त्या कारखान्यात काय केलं ते पाहिल्यावर तसं वाटत नाही. यंत्रं थोडी बदलून तिथे पपईच्या चिकापासून पेपेन काढायला सुरुवात झाली. कच्च्या फळाला पहाटे पात्याने हलकेच चरे द्यायचे, ओघळणारा पांढरा चीक गोळा करायचा, तो शुद्ध करून वाळवायचा. औषधांत आणि खाद्यउद्योगात लागणारं ते पाचक द्रव्य परदेशी जाऊ लागलं. शेतकऱ्याला त्याच झाडाचे दोनदा पैसे मिळाले, एकदा चिकाचे आणि एकदा फळाचे.

मराठी मुलखातल्या कारखानदारीच्या मुळाशी असं घर पुन्हा पुन्हा सापडतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडली, तेव्हा बेळगावात सायकलच्या दुकानाला थोरले बंधू रामूअण्णा जोडीला होते. त्यांचा लोखंडी नांगर विकत घ्यायला शेतकरी बिचकत होता, लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. पहिले नांगर खपेपर्यंतची वर्षं काढायला बँक नव्हे, भाऊ लागला. 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली, ती पुढची गोष्ट. कारखान्याच्या नावावर एकाचीच सही दिसत असली तरी माल खपेपर्यंत थांबायची ताकद घराची असते.

1980 साली जळगावात पीव्हीसी पाइपांचं उत्पादन सुरू झालं, वर्षाला जेमतेम 300 टन. आजच्या मोजमापाने ते कारखान्यापेक्षा शेडच म्हणावं. 1997 पर्यंत ही क्षमता 35,000 टनांवर गेली. मधल्या काळात ठिबक आलं.

ठिबकची कल्पना इस्राएलची. सिम्खा ब्लास या अभियंत्याने ती विकसित केली आणि 1965 साली हात्झेरीमच्या किबुत्झमध्ये तिचा कारखाना निघाला. पण पाणी मोजून वापरायचं हे खानदेशाला परकं नव्हतं. पिंपळनेर ज्या पांझरेच्या काठी वसलं आहे, त्याच पांझरेवर आणि शेजारच्या मोसम-आरम नद्यांवर काही शतकं फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी कमी असेल तर कोणता फड पडीक ठेवायचा हे गाव मिळून ठरवणार आणि पाटकरी ठरल्याप्रमाणे पाणी फिरवणार. बांधावर उभा राहून पाण्याची पाळी मोजलेल्या शेतकऱ्याला थेंबाथेंबाने झाड जगवण्याची गोष्ट पटायला भाषण लागत नाही, रान दाखवावं लागतं. भवरलालजींनी तेच केलं. आधी स्वतःच्या टेकड्यांवर लावलं, मग शेतकऱ्यांना तिथे बोलावलं. पाठोपाठ ग्रँड नैन केळीची उतिसंवर्धित रोपं आली आणि मुनव्यांवर चालणारी जळगावची केळी बदलली. 1997 साली अमेरिकेच्या सिंचन संघटनेने त्यांना क्रॉफर्ड रीड पुरस्कार दिला.

याच दशकात पाऊल वाकडंही पडलं. 1991 नंतर सगळीकडे नव्या धंद्यांचं वारं सुटलं होतं. कंपनी वित्तव्यवसायात गेली, माहिती तंत्रज्ञानात गेली, ग्रॅनाइटमध्ये गेली आणि पैसा अडकला. त्यानंतर भवरलालजींनी जे केलं ते भारतीय उद्योगात क्वचित दिसतं. त्यांनी चूक कबूल करून भागधारकांची जाहीर क्षमा मागितली, ते धंदे सोडले आणि शेतीवर परत आले. सल्लागार याला मूळ व्यवसायावर लक्ष देणं म्हणतील. गौराबाईंच्या मापाने पाहिलं तर वित्तव्यवसायात पाखरांचा वाटा नव्हता. आणि क्षमा मागण्याची रीतही घरातलीच. जैन घरात पर्युषणाच्या शेवटी लहानथोर एकमेकांपुढे हात जोडून वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात. लहानपणापासून दरवर्षी जे केलं, तेच पन्नाशी उलटलेल्या कारखानदाराने अनोळखी भागधारकांपुढे केलं.

कारखान्यातले लोक त्यांना साहेब म्हणत नसत. ते सगळ्यांचे मोठेभाऊ. या शब्दात माया आहे तसा भारही आहे. मोठा भाऊ पगार देऊन मोकळा होत नाही, त्याला घरातल्या पोरांच्या शाळेचंही बघावं लागतं. घरचा धंदा म्हणून येणाऱ्या अडचणीही याच शब्दात आहेत, कारण मोठ्या भावाला नाही म्हणणारं माणूस घरात सापडणं अवघड. अशोक, अनिल, अजित, अतुल हे चारही मुलगे कंपनीत आले. 2005 साली पत्नी कांताबाई गेल्या. त्यानंतर या उद्योजकाने ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिलं, ते आपल्या संसाराचं. आपण कोणाच्या आधारावर उभे होतो हे त्यांना सांगून टाकायचं होतं.

25 फेब्रुवारी 2016 रोजी ते गेले. पुढच्या काही वर्षांत कंपनीवरचं कर्ज डोईजड झालं. 2019 मध्ये देणी थकली आणि 2022 मध्ये कर्जफेडीची नवी मांडणी झाली. वारशात गुण येतात तसं धाडसही येतं, आणि 1978 साली फळलेलं कर्जाचं धाडस दर वेळी फळेलच असं नसतं. हेही त्याच घराच्या गोष्टीत मोडतं आणि ते सांगायला हवं. 76 वर्षं पै-पै जोडणारी माणसं आणि एका लिलावात 30 लाखांचं कर्ज उचलणारा माणूस, दोघं एकाच ओसरीवरचे. पहिली नसती तर दुसऱ्याला पडायची भीती कळली नसती. दुसरा नसता तर पहिल्यांची शिल्लक पेटीतच राहिली असती.

पिंपळनेरच्या दुकानात आता वेटोळी पिकअपमध्ये चढवली जातात. दुकानदार बिलबुक पुढे ओढतो आणि विचारतो, पावती कोणाच्या नावाने करायची? अनुदानाच्या कागदाला सातबारावरचंच नाव लागतं. मुलगा बापाकडे बघत नाही, बापही काही सांगत नाही. मुलगा आपल्या आजीचं पूर्ण नाव सांगतो, आणि दुकानदाराने ते नीट लिहिलं की नाही हे काउंटरवरून वाकून बघतो.